कामाच्या दिवशी फोर्ट कसे पाहावे

मुंबईचा फोर्ट भाग पाहायचा असेल तर रविवारी सकाळी जावे, रस्ते मोकळे मिळतात आणि इमारतींची छायाचित्रे चांगली येतात, असे बहुतेक जण सांगतात. निव्वळ इमारती पाहायच्या असतील तर हा सल्ला ठीक आहे. मात्र फोर्ट हा मुळात पेढ्यांचा, कचेऱ्यांचा, दलालांचा आणि वकिलांचा मुलूख आहे, आणि तिथली माणसे वजा केली तर उरते ते दगडी काम, जे पुस्तकातही पाहता येते. म्हणून पुण्या-नाशकाकडून किंवा उपनगरांतून एका दिवसासाठी येणाऱ्याने मंगळवार ते शुक्रवार यांपैकी एखादा दिवस निवडावा आणि तिथल्या कचेऱ्यांच्या घड्याळाशी जुळवून घेत फिरावे. सोमवारी रिझर्व्ह बँकेचे नाणे-संग्रहालय बंद असते, दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँका बंद असल्याने निम्मा भाग झोपलेला असतो, आणि रविवारी तर दुपारचे धड जेवण शोधताना पायपीट होते.

फिरण्यापूर्वी या भागाचा आवाका ध्यानात घ्यावा. उत्तरेला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी), दक्षिणेला काळा घोडा आणि रीगल सिनेमाचा चौक, पश्चिमेला आझाद, क्रॉस आणि ओव्हल ही मैदाने आणि पूर्वेला गोदी, अशा चौकटीत सारा फोर्ट मावतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ चालत गेले तर अर्धा तास पुरतो. ईस्ट इंडिया कंपनीने बांधलेल्या तटाच्या आतली ही वस्ती, म्हणून तिचे नाव फोर्ट. तटाला अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट असे तीन दरवाजे होते. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडला गेला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर आज दिसणारे शहर उभे राहिले. तटाचा एक लहानसा अवशेष सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात अजून आहे, पण रुग्णालय म्हटले की आजारी माणसांची वर्दळ आली, तेव्हा खास त्याच्यासाठी आत जाण्याचा आग्रह मी कुणाला करणार नाही.

या भागातल्या बहुतेक भव्य इमारती थोड्याच वर्षांच्या अंतराने का उभ्या राहिल्या, हे आधी माहीत असले तर फिरताना बरेच दुवे आपोआप जुळतात. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, त्यामुळे तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईतून जाणाऱ्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. शहरात अचानक पैसा आला, समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरांवर सट्टा सुरू झाला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये सारा डोलारा कोसळला. तेजीच्या त्या हवेत आखलेले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत पुरे झालेले शहर म्हणजे आपण पाहतो ते फोर्ट.

पोहोचणे

पुण्याहून येणाऱ्यांना सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन सर्वांत सोयीची आहे. ती साधारण साडेदहाला सीएसएमटीला पोहोचते, म्हणजे कचेरीला जाणाऱ्यांचा लोंढा ओसरत असताना आपण स्थानकाबाहेर पडतो. उपनगरांतून येणाऱ्यांनी साडेआठ ते साडेदहा या वेळेत लोकलने फोर्टकडे निघण्याचे धाडस करू नये. रोज जाणाऱ्यांनाच तिथे उभे राहायला जागा नसते. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाल्याने आता चांगला पर्याय मिळाला आहे. तिची सीएसएमटी, हुतात्मा चौक आणि चर्चगेट ही तिन्ही स्थानके आपल्या कामाची आहेत. स्वतःची गाडी आणण्यात अर्थ नाही, कारण ती उभी करायला जागा शोधण्यातच सकाळ जाते. दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत. पाय थकले तर मीटरवर चालणारी काळी-पिवळी टॅक्सी किंवा बेस्टची बस घ्यावी. बाहेरगावाहून आलेले सामान खांद्यावर वागवण्यापेक्षा सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवावे. सरकारमान्य ओळखपत्र मात्र जवळ असावे, कारण अनेक दारांवर ते मागतात.

रस्ता विचारताना नकाशातले नाव आणि माणसांच्या तोंडातले नाव वेगळे असते, हे लक्षात ठेवावे. टॅक्सीवाल्याला ‘व्हीटी’ (सीएसएमटी) आणि ‘फाउंटन’ (हुतात्मा चौक) पटकन कळते. गल्ल्यांच्या नावांपेक्षा खुणेची इमारत सांगितली तर पत्ता लवकर सापडतो, आणि विचारायचे झाल्यास घाईत चालणाऱ्या बाबूला न थांबवता पानाच्या टपरीवर विचारावे.

सकाळ: जीपीओ ते टाउन हॉल

सीएसएमटीच्या इमारतीबद्दल नव्याने सांगण्यासारखे फारसे नाही. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये काम सुरू होऊन १८८८ मध्ये ती पूर्ण झाली आणि २००४ मध्ये तिची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. भुयारी मार्गाने पलीकडे जाऊन ती समोरून पाहावी. समोरचे महापालिकेचे मुख्यालयही स्टीव्हन्स यांचेच. एकाच माणसाच्या दोन इमारती अशा समोरासमोर असल्याने तुलना करण्याची आयती संधी मिळते.

त्यानंतर बहुतेक लोक सरळ दादाभाई नौरोजी मार्गाला लागतात. मी आधी जीपीओत जायला सांगेन. १९१३ मध्ये खुल्या झालेल्या या टपाल कार्यालयाचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावर बेतलेला आहे, आणि मुख्य म्हणजे ते चालते टपाल कार्यालय असल्याने आत जायला कुणाची परवानगी लागत नाही. घुमटाखालच्या दालनात शिरले की वरून येणारा उजेड, त्याखाली खिडक्यांपुढच्या रांगा, पार्सलावर पत्ता लिहिणारी माणसे आणि शिक्के मारल्याचा आवाज, असा सगळा जिवंत कारभार एका नजरेत येतो. एक पोस्टकार्ड घेऊन तिथूनच घरी धाडावे, म्हणजे निष्कारण उभे असल्यासारखेही वाटत नाही.

जीपीओकडून शहीद भगतसिंग मार्गाने दक्षिणेकडे चालू लागले की वाटेत टांकसाळ आणि रिझर्व्ह बँक लागते. दोन्ही ठिकाणी आत प्रवेश नाही आणि कॅमेरा बाहेर काढला तर शिट्टी वाजते. टांकसाळ, रिझर्व्ह बँक, नौदलाची गोदी आणि न्यायालय या चार जागी फोन खिशातच ठेवावा, त्यावर वाद घालू नये. रिझर्व्ह बँकेचे काम समजून घ्यायचे असेल तर जवळच सर फिरोजशहा मेहता मार्गावरच्या अमर बिल्डिंगमध्ये तिचे नाणे-संग्रहालय आहे. प्राचीन नाण्यांपासून आजच्या नोटांपर्यंतचा प्रवास तिथे नीट मांडलेला आहे. मुले बरोबर असतील तर ही जागा अजिबात चुकवू नये.

शहीद भगतसिंग मार्गावरच पुढे टाउन हॉल दिसतो. १८३३ मध्ये पुऱ्या झालेल्या या इमारतीच्या तीस पायऱ्या फोर्टमधल्या सगळ्यात उपयोगी पायऱ्या म्हणायला हव्यात, कारण पैसे न देता निवांत बसता येईल अशा जागा इथे फार थोड्या आहेत. आत एशियाटिक सोसायटी आहे. १८०४ मध्ये स्थापन झालेल्या साहित्य मंडळातून ती वाढली. भारतरत्न पां. वा. काणे यांचा या संस्थेशी दीर्घ संबंध होता, आणि दुर्गाबाई भागवतांच्या अभ्यासाची बैठक वर्षानुवर्षे याच ग्रंथालयात होती. दारावर विचारून, सांगितल्यास वहीत नाव लिहून आत जावे. उंच छत, लोखंडी वळणदार जिने, नाना शंकरशेठांसह अनेकांचे संगमरवरी पुतळे आणि वर्तमानपत्र पुढ्यात धरून बसलेले नेहमीचे वाचक यांच्यामध्ये बोलण्याचा स्वर आपोआप खाली येतो. छायाचित्र घ्यायचे असेल तर आधी परवानगी मागावी.

पायऱ्यांवरून समोर दिसते ते हॉर्निमन सर्कल. १८७२ मध्ये पुरे झालेले हे वर्तुळ पूर्वी एल्फिन्स्टन सर्कल होते. स्वातंत्र्यानंतर ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांचे नाव त्याला मिळाले. त्याही आधी ही मोकळी जागा होती आणि तिच्यावर कापसाच्या गासड्यांचे ढीग लागत. बागेत जाऊन बसण्यापूर्वी सभोवतालच्या इमारतींच्या कमानींखालून पूर्ण एक फेरी मारावी, म्हणजे सगळ्यांचे दर्शनी भाग एकसारखे ठेवून गोल साधण्याची युक्ती लक्षात येते. ज्या लाल इमारतीकडे नजर जाईल ती ‘मुंबई समाचार’ची. १८२२ पासून निघणारे हे गुजराती वर्तमानपत्र आशियातले सर्वांत जुने चालू वृत्तपत्र मानले जाते.

जेवण

फोर्टमध्ये जेवणाची वेळ चुकली की पुढचा सगळा बेत बिघडतो. एक ते दोन या तासात कचेऱ्यांची सुट्टी होते आणि प्रत्येक उडुपी हॉटेलाच्या दारात माणसे उभी राहतात. पाहुण्याला मस्टरवर सही करायची नसते, तेव्हा त्याने सव्वाबाराला तरी जेवावे किंवा दोननंतर. यात आपली सोय आहेच, शिवाय ज्यांच्या हाती मोजका वेळ आहे त्यांची खुर्ची आपण अडवत नाही. दुसऱ्या कुणाबरोबर एकाच टेबलावर बसायला सांगितले तर तो इथला रिवाज समजावा.

हॉर्निमन सर्कलपासून पूर्वेला दहा मिनिटांवर बॅलार्ड इस्टेट आहे. गोदीच्या खोदकामातून निघालेल्या भरावावर गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ही वसाहत उभी राहिली. जॉर्ज विटेट यांनी तिची मांडणी अशी केली की इमारतींची उंची आणि शैली एकमेकींना धरून राहिली. रस्ते रुंद, झाडांचे आणि त्या मानाने शांत आहेत. इथे १९२३ पासून चालू असलेले ‘ब्रिटानिया अँड कंपनी’ हे इराणी वळणाचे पारशी उपाहारगृह आहे. ते केवळ दुपारच्या जेवणापुरते उघडते आणि रविवारी बंद असते. इराणी झरेश्क घातलेला बेरी पुलाव आणि नंतर कॅरॅमल कस्टर्ड, एवढे पुरे. एक पुलाव दोघांना जड होत नाही, तेव्हा मागवताना बेताने मागवावे.

खिशाला हलके हवे असेल तर सीएसएमटीसमोर ‘आराम’चा वडापाव किंवा बझारगेटच्या बाजूला ‘पंचम पुरीवाल्या’ची पुरी-भाजी आहे, मासे हवे असतील तर कावसजी पटेल मार्गावर ‘महेश लंच होम’ आहे. पण फोर्टची खरी भूक भागते ती पदपथावर. चटणी-बटाट्याचे सँडविच, भुर्जी-पाव, ताक, आणि फळांची प्लेट. या शेवटच्या प्रकारापाशी जरा थांबून पाहावे. फळवाला पपई, अननस, कलिंगड, केळे यांचे तुकडे पाटावर एका ओळीत उभे कापतो, सुरीच्याच पात्यावर उचलून प्लेटमध्ये पसरतो, वर मसाल्याची चिमूट टाकतो आणि दात-कोरणीएवढी काडी खोचून पुढे करतो. या साऱ्याला गिऱ्हाईक पाकिटातून नोट काढेपर्यंतचा वेळ लागतो. पोट नाजूक असणाऱ्यांनी कापून ठेवलेली प्लेट न घेता समोर कापून मागावी.

चर्चगेटकडून फोर्टमध्ये शिरणाऱ्यांना आणखी एक गोष्ट पाहता येते. साडेअकराच्या सुमारास स्थानकाबाहेर लांब लाकडी फळ्यांवरून डबेवाल्यांचे डबे उतरतात आणि पदपथावरच त्यांची वाटणी सुरू होते. डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेले अक्षर आणि आकडे असतात: कुठल्या स्थानकावरून आला, कुठे उतरवायचा, कुठल्या इमारतीत कितव्या मजल्यावर न्यायचा. मावळ, खेड, जुन्नर या भागांतून आलेल्या लोकांनी उभी केलेली ही व्यवस्था १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केली असे सांगतात. पाहायचे ते बाजूला उभे राहून पाहावे. वाटणी चालू असताना मध्ये जाऊन प्रश्न विचारणे किंवा तोंडापुढे फोन धरणे म्हणजे त्यांच्या कामाची खोटी करणे होय; बोलायचेच असेल तर डबे पोहोचवून झाल्यावर, दुपारच्या विश्रांतीत, ते मोकळेपणाने बोलतात.

दुपार: दलाल स्ट्रीट ते काळा घोडा

शेअर बाजाराची वेळ सव्वानऊ ते साडेतीन. बाजार चालू असताना दलाल स्ट्रीटवर आरडाओरडा, हातवारे आणि गर्दी पाहायला मिळेल या कल्पनेने गेलात तर निराशा होईल. तो प्रकार १९९५ मध्ये संगणकावर व्यवहार सुरू झाल्यावर संपला, आणि १९९३ च्या बॉम्बस्फोटांत हा बाजार लक्ष्य झालेला असल्याने पहारा कडक आहे. आत जाता येत नाही. १९८० मध्ये पुरा झालेला फिरोज जीजीभॉय टॉवर, त्यावर फिरणारे आकडे, प्रवेशद्वारापाशी २००८ मध्ये बसवलेला पितळी रंगाचा बैल, एवढेच बाहेरून दिसते. तरीही इथे यावेच, पण टाउन हॉलकडून चालत यावे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मूठभर दलाल टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जमून सौदे करत. त्यांची संख्या वाढत गेली तसतशी जागा बदलत गेली आणि १८७५ मध्ये त्यांची रीतसर संघटना झाली. वडापासून या मनोऱ्यापर्यंतचे अंतर पायी काही मिनिटांचेच आहे. साडेतीननंतर थोडा वेळ चहाच्या टपरीपाशी उभे राहिले तर कटिंग घेत दिवसाचा हिशेब बोलून दाखवणारी मंडळी भेटतात. कान उघडे ठेवावेत, पण तिथे ऐकलेल्या टिपेवर पैसे लावू नयेत.

जवळच होमी मोदी मार्गावर टाटांचे बॉम्बे हाउस आहे. १९२४ ची ही इमारत, तीही विटेट यांचीच, बाहेरून साधी वाटते. परिसरातल्या भटक्या कुत्र्यांसाठी तिच्यात स्वतंत्र खोली आहे, आणि एवढ्या मोठ्या उद्योगघराण्याच्या दारात निर्धास्त झोपलेले कुत्रे दिसले तर त्याचे कारण हे.

हॉर्निमन सर्कलच्या पश्चिमेला सेंट थॉमस कॅथिड्रल आहे, ज्यावरून तटाच्या चर्च गेटाला आणि पुढे स्थानकाला नाव पडले. १७१८ मध्ये हे चर्च उपासनेसाठी खुले झाले. शहरातले जुने मैलाचे दगड इथून अंतर मोजून लावलेले होते. भिंतींवरचे स्मृतिलेख वाचत गेले तर कंपनीचे किती तरी नोकर फार कोवळ्या वयात इथे मरून गेले, हे ध्यानात येते. पारशी अग्याऱ्यांत मात्र पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही, आणि क्रॉस मैदानाच्या कडेची १७२५ मधली भिखा बेहराम विहीरही पारशांसाठीच राखीव आहे. दाराबाहेरून पाहावे आणि पुढे जावे.

वीर नरिमन मार्गाने आणखी पश्चिमेला आले की हुतात्मा चौक. १८६४ मधले फ्लोरा फाउंटन आणि शेजारी मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारांचे स्मारक, या दोन्हींत जवळपास शंभर वर्षांचे अंतर आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर इथे गोळीबार झाला. मराठी माणूस इथे फोटो काढून लगेच निघतो, याचे मला नवल वाटते. चार बाजूंना बँका आणि कंपन्यांच्या इमारती असलेल्या या चौकात उभे राहिले की मुंबई कुणाची हा वाद नेमका याच जागी का पेटला, ते एखाद्या भाषणापेक्षा लवकर कळते.

चौकात पदपथावर जुन्या पुस्तकांचे विक्रेते बसतात. किंमत सांगतील त्यापेक्षा कमी मागायला हरकत नाही. निवडक मराठी आणि वैचारिक पुस्तकांसाठी कावसजी पटेल मार्गावरचे पीपल्स बुक हाउस गाठावे. महात्मा गांधी मार्गाने दक्षिणेकडे जाताना न्यू इंडिया अॅश्युरन्सची १९३६ मधली इमारत लागते. मास्टर, साठे आणि भुता या वास्तुविशारदांच्या या इमारतीवरची शिल्पे एन. जी. पानसरे यांची आहेत. विमा कंपनीच्या भिंतीवर शेतात आणि घरगुती उद्योगांत राबणाऱ्या माणसांची उंच उठावशिल्पे का असावीत, हा प्रश्न पडेपर्यंत समोरच्या पदपथावरून ती पाहावीत. अगदी खालून पाहिली तर मान दुखते आणि दिसतही नाहीत.

पुढे काळा घोडा. जहांगीर कलादालन, डेव्हिड ससून ग्रंथालय, निळे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग आणि वॉटसन हॉटेलची जीर्ण लोखंडी इमारत, जिथे ७ जुलै १८९६ रोजी भारतात पहिल्यांदा चलच्चित्रे दाखवली गेली, हे सारे हाकेच्या अंतरावर आहे. उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ओव्हल मैदानाच्या बाजूने पाहावेत. दोन्ही १८७८ मध्ये पुरे झाले. टॉवरला कापसाच्या तेजीतले बडे सटोडिये प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि आईचे नाव दिले. मैदानाच्या मधोमध उभे राहून पूर्वेला या गॉथिक इमारती आणि पाठ फिरवून पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग पाहावी. या दोन्ही समूहांना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाचे स्थान मिळाले.

पावसाळ्यात हाच क्रम ठेवावा, मात्र परतताना दादाभाई नौरोजी मार्ग धरावा. त्या रस्त्यावरच्या इमारतींना तळमजल्यावर सलग कमानी ठेवण्याचा नियम १८९६ मध्ये झाला होता, म्हणून भर पावसातही बरेच अंतर कोरडे चालता येते. फेरीवाले आणि घड्याळ, चष्मे, मोबाइलची कव्हरे यांच्या ढिगांमधून वाट काढावी लागते, एवढेच.

निघताना घड्याळ पुन्हा पाहावे. साडेचारच्या आत लोकल धरता आली तर उत्तम. नाही तर साडेसातपर्यंत थांबावे आणि मधला वेळ छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात किंवा ओव्हलच्या कट्ट्यावर घालवावा. सीएसएमटी आणि चर्चगेट ही दोन्ही शेवटची स्थानके असल्याने समोरची भरलेली गाडी सोडून पुढच्या गाडीच्या रांगेत पहिले उभे राहिले तर बसायला जागा मिळते. पश्चिम रेल्वेवर जाणाऱ्यांनी चर्चगेट गाठावे, ठाणे-कल्याणकडच्यांनी सीएसएमटी. आणि पनवेलला जायचे असेल तर सीएसएमटीत शिरताच एक आणि दोन नंबरच्या फलाटाकडे वळावे, कारण हार्बरच्या गाड्या तिथूनच सुटतात.